चप्पल हुंगवू नका, छाती दाबा

आमच्या वस्तीतला पोरगा मेला. बावीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे मैदानावर सोळाशे मीटरचा शेवटचा फेरा मारताना पडला आणि मेला. नाव लिहीत नाही. त्याच्या मायला विचारलं तर ती म्हणाली, ‘नाव नोका टाकू दादा, लोकं आणखी काहीबाही बोलतीन.’

मी तिथंच होतो. कधीकाळी कबड्डी खेळलो, आता वस्तीतल्या पोट्ट्यांना पहाटे पळवतो. फुकट. शिट्टी माझी, घड्याळ माझं. तेव्हा या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी उभा आहे. बाकीच्यांना नंतर उभं करतो.

तो पडला. हातपाय झटकले. तोंडातून घरघर आली. कुणीतरी ओरडलं, ‘मिरगी आली, मिरगी!’ मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. दुसऱ्यानं धावत जाऊन कांदा आणला. तिसरा तोंडात पाणी ओतायला लागला. सात-आठ मिनिटं आम्ही हेच करत होतो. मग ऑटो. ऑटोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली आणि लिहिलं : आणण्यापूर्वीच मृत.

नंतर मला कळलं की ती मिरगी नव्हती. हृदय अचानक थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही, म्हणून शरीर काही सेकंद झटके देतं. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे, श्वासाचा शेवटचा तडफडाट. त्या क्षणी छाती दाबायची असते. मी चप्पल हुंगवत होतो.

हे लिहिताना लाज वाटते. पण लाज झाकून ठेवली तर पुढचं पोट्टंही चप्पल हुंगतच मरेल.

आता मयतीला काय काय ऐकलं ते सांगतो.

‘लस घेतली होती ना त्यानं? मग बरोबर.’ ‘जिमवाल्याची पावडर खात होता.’ ‘नशापाणी करत असेल, या वस्तीतले पोट्टे काय कमी आहेत?’ ‘रात्रभर मोबाईल पाहतात अन् सकाळी पळतात.’ ‘नजर लागली.’ हे बोलणारे सगळे बाहेरचे नव्हते. निम्मे आपलेच होते. अंगणात तिरडी बांधणं चालू होतं आणि आपल्या चळवळीतले दोन कार्यकर्ते मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होते : बघा, हा नाचताना पडला, हा क्रिकेट खेळताना पडला, सगळी लसीची कमाल.

कागद मात्र एकच बोलत होता : ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’.

दोस्तहो, ही काय थट्टा आहे? हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय जगात कुणी मेलंय का? फाशी दिलेल्याचंही हृदयच बंद पडतं. हृदय बंद पडलं हे मरण आहे, मरणाचं कारण नाही. का बंद पडलं, ते सांगा. तेवढं सोडून सगळं सांगतात. आणि त्या कोऱ्या जागेत जो येतो तो आपापली अफवा भरून जातो.

त्यानंतर मी हे वाचत सुटलो. डॉक्टरांना विचारत सुटलो. जे समजलं ते वस्तीच्या भाषेत मांडतो.

पस्तिशीच्या आतल्या खेळाडूचं हृदय मैदानावर थांबतं त्याची कारणं बऱ्याच अंशी ठाऊक आहेत. एक, हृदयाचा स्नायू जन्मजात दोषानं जाड होत जातो. साधारण पाचशे माणसांत एकाला असा दोष असतो आणि बहुतेकांना तो आई किंवा बापाकडून येतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ ला फ्रान्समध्ये लिऑनच्या मैदानावर कोसळला, अठ्ठावीस वर्षांचा. शवविच्छेदनात हेच निघालं. दोन, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतःच भलत्या जागेवरून निघालेली असते. तीन, हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेतच बिघाड असतो. बाहेरून हृदय एकदम धडधाकट दिसतं. चार, साध्या विषाणूनं हृदयाला सूज येते आणि पोरगं ताप अंगावर काढून पळायला जातं. पाच, छातीवर नेमक्या क्षणी नेमका फटका बसतो.

आणि आपल्या देशात आणखी एक आहे, झोपडीतलं. लहानपणी घसा दुखतो, सांधे सुजतात, पेनिसिलिन मिळत नाही, आणि त्या संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. दाटीवाटीच्या खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथं हा रोग पसरतो. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. आपल्याकडं आहे.

आता लसीचं बोलू, कारण तुम्ही तेच विचारणार.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. काही तासांत जगभर बोंब : लस! त्याच्या इटालियन क्लबच्या संचालकानं सांगितलं की त्यानं लस घेतलेलीच नव्हती. बोंब थांबली नाही. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिन हा काळा खेळाडू पडला. पुन्हा लस! कारण होतं छातीवर बसलेला तो नेमका फटका. दोघांचीही छाती मैदानावरच दाबली, तिथंच यंत्रानं झटका दिला. दोघेही जगले आणि परत मैदानावर उतरले.

अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंची मोजणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. २०१७ ते २०१९ या कोरोनाआधीच्या तीन वर्षांत हृदय अचानक थांबल्याच्या २०३ घटना. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत १८४. वाढ नाही. आपल्याकडं आय.सी.एम.आर.नं १८ ते ४५ वयाच्या, अचानक मेलेल्या ७२९ जणांची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली. २०२३ साली ते छापून आलं. लसीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका कुणाला जास्त? कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्यांना. घरात आधी कुणी असं अचानक मेलेल्यांना. मरणाआधीच्या दोन दिवसांत बेदम दारू प्यालेल्यांना, नशा केलेल्यांना किंवा अंगाची अतोनात झीज करणारी मेहनत केलेल्यांना.

म्हणजे लस धुतल्या तांदळाची आहे असं मी म्हणत नाही. फायझर-मॉडर्नाच्या लसीनं क्वचित तरुण पोरांच्या हृदयाला सूज आली, हे सिद्ध आहे. पण आपल्याकडं बहुतेकांच्या दंडात गेली ती कोव्हिशील्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. कोव्हिशील्ड ज्या लसीची भारतीय आवृत्ती, तिनं फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे खुद्द अॅस्ट्राझेनेका कंपनीनं २०२४ साली लंडनच्या कोर्टात कबूल केलं. पण त्या गुठळ्या डोसनंतर काही दिवसांत, आठवड्यांत होतात. तीन-चार वर्षांनी मैदानाच्या चौथ्या फेरीत नव्हे.

सरकारवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं सांगणारा मी कोण? सरकारनं आपल्याला काय दिलं ते मला पाठ आहे. पण अविश्वास असेल तर हिशेब मागा. व्हिडिओ फिरवणं म्हणजे हिशेब मागणं नव्हे. व्हिडिओ फिरवला की सरकारला बरंच वाटतं. कसं, ते झारखंडमध्ये पाहा.

ऑगस्ट २०२४. झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्यात शिपायांची भरती. जागा ५८३. अर्ज लाखांत. पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर पळायचं. पोरं रात्रीपासून रांगेत आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पळाली. दहाच्या वर पोरं मेली. मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी कुणाकडं बोट दाखवलं? कोरोनाच्या लसीकडं, म्हणजे केंद्राकडं. केंद्रात बसलेल्या पक्षानं बोट दाखवलं राज्याच्या कारभाराकडं. कुणी म्हणालं पोरांनी ताकदीची औषधं घेतली. एक बोट इकडं, एक तिकडं, आणि मधे पोरांची प्रेतं. शेवटी केलं काय? दौड तीन दिवस थांबवली आणि ठरवलं की सकाळी नऊनंतर कुणाला पळवायचं नाही. म्हणजे नऊनंतर पळवणं चूक होतं, एवढं तुम्हाला माहीत होतं! मग लसीचं गाणं कशाला लावलं?

आपल्याकडंही हेच. जून २०१४ ला मुंबईत पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना पोरं मेली. पुढं अंतर कमी झालं, आज सोळाशे मीटर आहे. मेल्यावर अंतर कमी होतं. २०२४ ला महाराष्ट्रात १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागं शंभर पोरं. ती काही खेळायला येत नाहीत. एस.टी. स्टँडवर झोपून, वडापाव खाऊन, घरच्या सगळ्यांचं पोट पाठीवर घेऊन येतात. त्यांना चक्कर आली तर ती थांबतील? थांबला तो संपला, हे त्यांना व्यवस्थेनंच शिकवलंय. छातीत दुखलं तरी पोरगं पळतं. आमचंही पळालं. आदल्या आठवड्यात दोनदा त्याला भोवळ आली होती. पळताना भोवळ येणं ही हृदयाची सगळ्यात मोठी हाक असते. मी म्हणालो होतो, ‘केळं खाऊन येत जा बे.’

अफवेलाही जात असते बरं का. एरिक्सन पडला तेव्हा त्यानं नशा केली असेल, असं कुणी म्हणालं नाही. आता दुसरा पाहा. रेजी लुईस, बोस्टनचा काळा बास्केटबॉलपटू, २७ जुलै १९९३ ला सराव करताना मेला. सत्तावीस वर्षांचा. सरकारी वैद्यकीय तपासणी म्हणाली, विषाणूनं हृदयाला सूज येऊन व्रण पडले होते. तरी दोन वर्षांनी बड्या पेपरात छापून आलं : कोकेन असावं. काळा मेला की कोकेन, वस्तीतला मेला की नशापाणी. मेल्यावरही आपल्याला चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो.

आणि दुसरी अफवा तर रक्ताचीच. ‘तुमच्या लोकांच्या रक्तातच दोष आहे’, हे मला एका शिकल्यासवरल्या माणसानं तोंडावर सांगितलं. त्याला सिकलसेल म्हणायचं होतं. होय, विदर्भात सिकलसेल आहे, आपल्यात आणि आदिवासींत जास्त आहे. पण ऐका. अमेरिकन सैन्यानं १९७७ ते १९८१ या काळातल्या नव्या रंगरुटांचे मृत्यू मोजले. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या, म्हणजे आपण ज्याला ए.एस. म्हणतो त्या काळ्या रंगरुटांत, कारण न सापडलेले अचानक मृत्यू इतर काळ्यांपेक्षा सुमारे अठ्ठावीस पट जास्त निघाले. झालं! रक्ताचा दोष! पण पुढं सैन्यानं सगळ्यांसाठीच नियम केले : पाणी प्या, उन्हात सावकाश सवय करा, मधे विसावा घ्या. मग २०११ ते २०१४ या काळातले ४७ हजारांवर काळे सैनिक तपासले. ए.एस. असलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. रक्त तेच होतं. नियम बदलले होते. मग दोष रक्तात होता की पाणी न देणाऱ्यात?

आता दोन माणसं शेजारी शेजारी ठेवतो.

१७ मार्च २०१२, लंडन. बोल्टनचा तेवीस वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा मैदानावर पडला. कॉंगोतून आलेल्या निर्वासिताचा मुलगा. प्रेक्षकांतून एक हृदयरोगतज्ज्ञ उडी मारून धावला. मैदानावर यंत्र होतं. झटक्यावर झटके दिले. त्याचं हृदय ७८ मिनिटं नीट चाललं नव्हतं. तो जगला.

२१ मार्च २०१२, बंगळूर. चारच दिवसांनी. जिल्हा लीगच्या सामन्यात बंगलोर मार्स संघाचा डी. व्यंकटेश पडला. सत्तावीस वर्षांचा. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षात घालून नेलं. तो मेला. याच शहरात ५ डिसेंबर २००४ ला गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारता मारता गोलकीपरला धडकून कोसळला आणि मेला होता. मैदानावर खेळाडू मरतो हे २००४ ला साऱ्या देशानं टी.व्ही.वर पाहिलं. त्यानंतर आठ वर्षांनीही व्यंकटेशच्या वाट्याला ऑटोच आला.

व्यंकटेशचा ऑटो वाचला तेव्हा मी पेपर खाली ठेवला. तो ऑटो मला ओळखीचा होता.

हृदय थांबल्यावर झटका मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांत खेळ खलास. ए.ई.डी. नावाचं ते यंत्र स्वतः बोलून सांगतं काय करायचं. दहावी पास पोरगं चालवू शकतं. किंमत साधारण लाखभर रुपये. एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा खर्च काढा आणि मोजा किती यंत्रं येतात.

इटलीनं १९८२ साली कायद्यानं सक्ती केली : स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची दरवर्षी तपासणी, ई.सी.जी.सकट. व्हेनेटो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या वीस-बावीस वर्षांत ८९ टक्क्यांनी घटले. ई.सी.जी.नं सगळं सापडत नाही, हे खरं. ज्याला काही नाही त्यालाही कधी उगाच अडकवतं, हेही खरं. पण आपल्या भरतीत काय मोजतात? उंची आणि छाती! फुगवून किती, न फुगवता किती. छाती बाहेरून टेपनं मोजणारी ही व्यवस्था छातीच्या आत कधी डोकावली नाही. मेडिकल होतं ते निवड झाल्यावर. पळवायच्या आधी नाही.

आता जे सगळ्यात शेवटी सांगायचं ठेवलं होतं ते सांगतो.

या पोराचा बाप अडतिसाव्या वर्षी गेला. वीटभट्टीवर, काम करता करता. लोक म्हणाले दारूनं गेला. दारू प्यायचा, नाही असं नाही. त्याचं कारण कुणी शोधलं नाही. आणि पोराला एक लहान बहीण आहे, एकोणीस वर्षांची. तीही भरतीसाठी पळते. माझ्याच शिट्टीवर.

दोष बापाकडून पोराला आला असेल तर तिच्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. आठ आणे. आता सांगा, ‘लसीनं मेला’ म्हणणारा काय करतो? तो या पोरीची तपासणी बंद करतो. ‘नशेनं मेला’ म्हणणाराही तेच करतो. नजर लागली म्हणणाराही तेच. अफवा नुसती खोटी नसते. ती कारणाच्या जागी बसते आणि पुढच्या माणसाचा जीव टांगणीला लावते.

मायनं शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल मागितला. व्हिसेरा राखून ठेवलाय म्हणाले. व्हिसेऱ्यात विष शोधतात. हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला का, याचं उत्तर तीन खेपा घालूनही मिळालं नाही. चौथ्या खेपेला मी सोबत होतो. माय साहेबाला एवढंच म्हणाली, ‘माह्या पोराले का झालं होतं, थे तरी सांगा.’ साहेब म्हणाला, नंतर या.

पोरीचा ई.सी.जी. आम्ही वर्गणी काढून केला. त्यात खुणा सरळ नाहीत, सोनोग्राफीसारखी हृदयाची इको करा म्हणाले. इकोची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. तोवर मी तिला पळू देत नाही. ती मैदानाच्या कडेला माझं घड्याळ घेऊन बसते आणि दुसऱ्यांच्या वेळा लिहिते. मला विचारते, ‘काका, भरती निघाली तर?’ मला उत्तर देता येत नाही. नोकरी नाही तर घर मरतं, पळाली तर कदाचित ती मरेल. एवढ्या अरुंद जागेत आपण पोरांना उभं केलंय.

म्हणून मागण्या मांडतो. भीक नाही, हक्क.

भरतीत पळवण्याआधी प्रत्येकाचा ई.सी.जी. सरकारी खर्चानं करा. पळताना भोवळ येते का, घरात कुणी तरणं अचानक मेलं का, हे दोन प्रश्न विचारा. त्याला फुकट तोंड पुरतं. ज्याच्यात दोष निघेल त्याला हाकलू नका, पळावं न लागणारी नोकरी द्या. भरतीच्या प्रत्येक मैदानावर यंत्र, रुग्णवाहिका, पाणी आणि सावली हवी. तरणा माणूस अचानक मेला तर त्याचं हृदय तपासा आणि अहवाल घरच्यांच्या हातात द्या. कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहून सही करणाऱ्याला जाब विचारला जाईल, एवढं लक्षात ठेवा.

सरकार हे उद्या करणार नाही, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. शब्दशः हातात. माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर चप्पल, कांदा, पाणी काही नको. एकानं १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्यानं त्याला पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवायचा आणि दाबायचं. पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. थकलात तर दुसऱ्यानं घ्यायचं. थांबायचं नाही.

एक तरुण डॉक्टर दर रविवारी सकाळी सहाला आमच्या मैदानावर येतो आणि पोत्यात भुसा भरून केलेल्या पुतळ्यावर हे शिकवतो. मी शिकलो. पोराची मायही शिकली, सगळ्यात जोरात तीच दाबते. व्हिडिओ फिरवणारे ते दोन कार्यकर्ते अजून आले नाहीत.

त्यांना हा अंक नेऊन द्या. म्हणावं, मोबाईल खिशात ठेवा आणि हात मोकळे घेऊन या.